पहिल्याच बोलीत घोडी

माझ्या बायकोनं देवाशी सौदा केला आणि पहिल्याच बोलीत घोडी देऊन टाकली, ही माझी तक्रार आहे. ती मी तेव्हाही केली होती, आजही करतो. मी आजारी होतो म्हणून माझ्या मागं हे झालं. मी पायावर उभा असतो तर देवाला एवढ्या सहज काही मिळालं नसतं.

सेलूच्या बाजारात मी जनावरांचे सौदे जुळवत असे. वडिलांनी मला जमीन ठेवली नव्हती, ओळख ठेवली नव्हती. पोरवयात लोकांचे बैल धरून उन्हात उभा राहायचो आणि दलालांचे चेहरे बघायचो. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नसे. दोन माणसं एकमेकांचा हात हातात घेत, वरून दुपट्टा टाकत आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून बोली करत. बाहेरच्याला फक्त कापड हलताना दिसे. समोरच्यानं बोट कसं दाबलं, यावरून तो आणखी किती चढेल हे मला कळायचं. या धंद्याचा एकच नियम आहे. पहिली बोली ही खरी बोली नसते. ती फक्त ‘राम राम’ असते.

हा नियम माझ्या घरात मी सोडून कोणाला लागू नव्हता.

घोडी मी आणली तेव्हा ती हाडांचा सापळा होती आणि मागच्या पायानं लंगडत होती. बाजारात तिला कोणी हात लावत नव्हतं. मी नाल बदलून घेतली, हरभरा भिजवून चारला, आणि वर्षभरात ती अशी निघाली की लोक विचारायला लागले, ही कुठून आणली. पांढरी, तोंडाजवळ करडी. टांग्याला चाले आणि नवरदेवालाही चाले, बँडला बुजत नसे. तिच्या गळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. घोड्यांची पारख असणारे त्याला देवमण म्हणतात. देवमण असलेलं जनावर घरात बरकत आणतं, असं मानतात.

लग्नसराईत वरपक्षाची माणसं घोडी ठरवायला आली की मी आधी तो भोवरा दाखवत असे. मग हात जोडून म्हणत असे, “ही माही घोडी नाई जी. देवाची हाय. मी आपला चारा टाकनारा.”

हे ऐकलं की माणसं जरा मवाळ होत. देवाच्या घोडीसाठी घासाघीस करायला कोणालाही अवघड वाटतं. मग मी दुपट्टा काढत असे. बायको हे सगळं दारातून ऐकायची. तिनं ते खरं धरून ठेवलं असेल, असं मला कधी वाटलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. मला अंतर्गळ होता, म्हणजे हर्निया. मी तो लंगोट घट्ट बांधून बरीच वर्षं दाबून ठेवला होता, कारण दलाल आजारी आहे असं कळलं की लोक त्याच्याशी वेगळा भाव करतात. एका सकाळी कुटाराचं ओझं उचलून घोडीपुढं टाकलं आणि पोटात खाली काहीतरी अडकलं, ते परत आत जाईना. उलट्या सुरू झाल्या. आमचं गाव हिंगणीच्या बाजूचं, सकाळची एसटी निघून गेली होती.

मला वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला बायकोनं घोडी टांग्याला जुंपली. तिनं जन्मात लगाम हातात धरला नव्हता. पट्टा उलटा लावला. मी खाटेवरून ओरडून तो सरळ करवून घेतला. मग तिनं मला उचलून मागच्या बाजूला आडवं केलं आणि स्वतः पुढं बसली.

“लगाम ढिला सोड. ओढू नको. ते घोडी हाय, हिरीचा दोर नोहे.”

“सोडलाय जी.”

“मंग ते काऊन मान वाकडी करून राह्यली?”

“तुमी वरडता म्हनून.”

सेलूपर्यंत मी तिला घोडा कसा हाकायचा हे शिकवलं. शिकवताना थोड्या शिव्या गेल्या असतील. ती पुढं बसून काहीतरी पुटपुटत होती. मी बोलत होतो आणि ती पुटपुटत होती, त्यामुळं ती काय म्हणते ते मला ऐकू आलं नाही. सेलू मागं पडल्यावर मी थोडा वेळ गप्प राहिलो. घोडीनं वर्ध्याच्या रस्त्याला आपणहून वळण घेतलं, तो रस्ता तिच्या पायाखालचा होता. बाकी वाट मला फारशी आठवत नाही. दवाखान्यात पांढरी चादर आणि वर हलणारा पंखा, तेवढं आठवतं.

डॉक्टर तरुण होते. टाके घातल्यावर दुसऱ्या दिवशी खाटेजवळ आले आणि म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर आतडं सडलं असतं. मग काय करायचं नाही ते सांगितलं. वजन उचलायचं नाही. घोड्यावर बसायचं नाही. खोकला आला तर पोटावर हात धरून खोकायचं. ओरडायचं नाही.

“कधीलोक?”

“होळीपर्यंत तरी.”

“दिवाळीवर जमवा साहेब,” मी म्हणालो. “मी बी थोडं मांगं येतो, तुमी बी थोडं मांगं या.”

 डॉक्टर बायकोकडे वळून म्हणाले, “यांना जपा.” ज्या माणसाला बोली कळत नाही, त्याच्याशी काही करता येत नाही. मी होळी मान्य केली.

घरी आलो तर माझी खाट कडुनिंबाखाली अंगणात टाकलेली होती. तिथून कोठा समोर दिसायचा. घोडी तिथंच होती, पण तिच्याकडे बघून मला काहीतरी खटकलं. तिच्या गळ्यातले घुंगरू काढले होते. खुंटीवरचा लग्नाचा साज, जरीची झूल, कपाळाचा गोंडा, काही जागेवर नव्हतं. घोडीच्या कपाळाला हळदकुंकू होतं.

“साज कुठं गेला वो?”

“पेटीत ठेवला.”

“काऊन?”

बायको ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“घोडी आता आपली नाई राह्यली,” ती म्हणाली. “तुमी टांग्यात बोलून राह्यले अन् मंग बोललेच नाई, तवा मी जंगलातल्या देवाले बोलली. मानूस पायावर घरी आला तर घोडी तुले देतो, म्हनलं. तुमी आले.”

मी उठून बसलो. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि टाक्यात अशी कळ गेली की आवाज घशातच राहिला. तेव्हापासून होळीपर्यंत मी घरातली सगळी भांडणं हळू आवाजात केली. हळू आवाजात भांडणं फार कठीण असतं. समोरच्याला वाटतं, आपण विचारपूस करतो आहोत.

“कोनाची घोडी, कोनाले देली?” मी हळूच विचारलं.

“देवाची, देवाले देली. तुमीच म्हनता नं लोकायले, माही नाई, देवाची हाय. मंग आपलं काय गेलं?”

“ते भावासाठी म्हनतो मी.”

“ते तुमाले ठाव. देवाले काय ठाव, कोन्तं भावाचं अन् कोन्तं खरं?”

ती आत निघून गेली. मी घोडीकडे बघितलं. घोडी कुटार खात होती, तिला काही फरक पडला नव्हता.

आता हे समजून घ्यायला हवं की घोडी म्हणजे माझं सगळं होतं. शेत नव्हतं. बाजारात उभं राहायचं तर होळीपर्यंत बंदी. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नं सुरू होतात, तेव्हा घोडी बाहेर पडली नाही तर घरात चूल कशावर पेटणार, हा प्रश्न होता. आणि त्याहून मोठं म्हणजे, मी शून्यातून काही केलं होतं त्याची चार पायांवर उभी असलेली एकच खूण होती ती. ती गेली असती तर मी परत लोकांचे बैल धरणारा झालो असतो, तेही टाके घातलेला.

खाटेवर पडल्या पडल्या मी सौद्यात फट शोधायला लागलो. आणि मला ती सापडली.

आमच्या भागात बोर धरणाच्या वरच्या जंगलात मोहाच्या झाडाखाली एक देव आहे. देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड. त्याच्याभोवती मातीचे घोडे रांगेनं उभे असतात, वीतभर, हातभर, नवे, पावसानं विरघळत आलेले. आमच्याकडे कोणी नवस करताना ‘देवाले घोडा देईन’ म्हणतो, तेव्हा तो कुंभाराकडचा घोडा असतो. हे सगळ्या गावाला माहीत आहे. बायकोला माहीत नव्हतं, कारण तिचं माहेर हिंगणघाटकडचं. तिकडच्या काळ्या रानात असा देव नाही. म्हणजे ज्या देवाची रीत तिला माहीत नाही, त्याला ती आमच्या गावचा शब्द वापरून नवस बोलली होती. बाजारात असं झालं तर जिथं माल उभा आहे तिथली रीत धरतात.

“तू घोडा बोलली का घोडी?” मी संध्याकाळी विचारलं.

“घोडीच बोलली.”

“आठवून सांग.”

“मी मनात घोडीच धरलती, तोंडातून काई बी निंगू द्या.”

“मनातलं धरत नाई बाजारात. दुपट्ट्याखाली जे बोट दाबलं ते धरते.”

“देवाच्या हातावर कोन्ता दुपट्टा हाय?” ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मी कुंभाराला निरोप पाठवला. असा घोडा कर की देवापुढं दुसरा कोणाचा दिसू नये. त्यानं कमरेएवढा घोडा केला, मान ताठ, कान उभे. मी खाटेवरून त्याच्या गळ्याखाली काडीनं भोवरा काढवून घेतला. देवमण देवमणाच्या जागी. कोणी पंच बसवले असते तर त्यांनीही म्हटलं असतं की माणसानं पुरा माल दिला.

दिवाळी झाल्यावर आम्ही देवाकडे निघालो. शेजाऱ्याची बैलबंडी होती, तोच हाकत होता. त्यानं आम्हा दोघांच्या मधे बोलायचं नाही हे बरंच आधी शिकून घेतलं होतं. मी तणसावर आडवा, माझ्याजवळ पोत्यात गुंडाळलेला मातीचा घोडा. बायको एका बाजूला बसली होती. आणि बंडीच्या मागं दोरीनं बांधलेली घोडी. बायकोनं निघताना ती स्वतः सोडून आणली होती. माल दोन्ही बरोबर आहेत, देव कोणता घेतो ते बघू, असा माझा विचार होता.

रस्ता दगडांचा होता. दर धक्क्याला मी एका हातानं पोट धरत होतो आणि दुसऱ्या हातानं मातीचा घोडा. हात दोनच असल्यामुळं घोड्याचा एक कान तुटला. बाभळीचा डिंक मिळाला, तो लावून मी कान परत चिकटवला. थोडा मागं बसला, एवढंच.

देवाचं करणारा एक म्हातारा तिथं राहत असे. त्याला भुमका म्हणतात. तो झाडाखाली विडी ओढत बसला होता. मी बंडीतून उतरून सगळा मामला सांगितला, आधी माझी बाजू, मग रीत, मग परत माझी बाजू. बायको तोपर्यंत देवाला पाणी घालून, शेंदूर लावून, नारळ ठेवून आली.

भुमक्यानं मातीचा घोडा निरखून बघितला.

“घोडा चांगला हाय गा. कान काऊन मांगं?”

“पळून राह्यला बाबाजी, म्हनून.”

“हूं.” मग तो बायकोला म्हणाला, “अन् बाई, तुवं काय म्हननं हाय?”

“तो घोडा ह्यायचा हाय,” बायको माझ्याकडे बोट करून म्हणाली. “तो ह्यायनं दिला, देवानं ठेवून घ्यावा. माहा मी आनला.” आणि तिनं बंडीच्या मागं जाऊन घोडीची दोरी सोडली. नुसती सोडली नाही, तोंडावरची मोहरकीही काढली. घोडी तिथंच उभी राहिली. मग तिनं मान हलवली, पुढं गेली, मातीच्या घोड्यांचा एकेक वास घेतला, आणि देवापुढची झेंडूची माळ खायला लागली.

“देवाले चालते का हे?” मी विचारलं.

“देवाची घोडी, देवाची माळ,” भुमका म्हणाला. “आपन काऊन मधात पडाचं?”

“ठेवून घेता का मंग?” मी सरळ विचारलं. म्हातारा एकटा, अंगात जोर नाही, कोठा नाही, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. “रोज हरभरा लागते. खरारा लागते. वाघाचं बी पाहा लागन.”

त्यानं विडी विझवली. त्याला माझा डाव कळला होता, हे मला त्याच्या बोटांवरून कळलं. “देवाले कोठा नाई,” तो म्हणाला. “कोनाच्या तरी घरी ठेवाच लागन. पन एक हाय गा. देवाची चीज हाय. तिचा भाव करता येत नाई. इकाचाही नाई अन् भाड्याचाही नाई. कोनं नेली, काई आनून ठेवलं, तर ते देवाचं. बोली नाई कराची.”

बायकोनं मान डोलावली. मी थांबून राहिलो, तो आणखी काही कमीजास्त करतो का म्हणून. त्यानं दुसरी विडी पेटवली.

परत निघालो तेव्हा घोडी झाडाखालीच होती. बायको मागं वळून वळून बघत होती, पदर तोंडाला लावून. बंडी हलत होती, मी पोट सांभाळत होतो. गावात शिरलो, घराशी आलो, तर घोडी कोठ्यात उभी. आडरस्त्यानं आमच्या आधी येऊन दाण्याची वाट बघत होती.

“पाह्य,” मी म्हणालो, “देवानं माल वापस पाठवला. सौदा मोडला.”

“ठेवाले पाठवली,” बायको म्हणाली. “ऐकलं नाई तुमी?” ती उतरून हरभरा भिजवायला गेली. घोडी राहिली होती. माझा धंदा राहिला नव्हता.

तुळशीचं लग्न झालं आणि सिंदी मेघेकडून एका नवरदेवाचा मामा घोडी ठरवायला आला. जाड, पान खाणारा, स्वतःला फार शहाणा समजणारा. अशा माणसांची मी वाट बघत असतो. तो माझ्या खाटेशी बसला, घोडीकडे बघून तोंड वाकडं केलं, म्हातारी झाली म्हणाला, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला. खाली त्याचा हात आला. त्याचं पहिलं बोट माझ्या बोटावर येऊन बसलं आणि मला लगेच कळलं की हा माणूस त्याच्या दुप्पट चढणार आहे.

“अजी,” बायको दारातून म्हणाली.

मी हात बाहेर काढला.

“भाव नाई,” मी म्हणालो. हे दोन शब्द मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. “देवाची घोडी हाय.”

मामा हसला. “हे तं तू गेल्या साली बी म्हनलतं. मंग बोट दाब नं.”

“यंदा खरंच हाय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याला वाटलं, हा नवा डाव आहे, जुन्यापेक्षा पक्का. त्यानं दुपट्टा झटकून खांद्यावर घेतला. “तुले मानलं गा,” तो म्हणाला. “मंग काय देवू?”

“तुमाले वाटन ते देवापुढं ठेवा,” बायको म्हणाली.

त्याला जे वाटलं ते एक नारळ होतं. नारळावर त्यानं सव्वा रुपया ठेवला, घोडीला नमस्कार केला, लग्नाचा दिवस सांगितला आणि पानाची पिचकारी टाकून निघून गेला. मी पोट धरून बसलो होतो. आतून इतका राग येत होता की टाक्यांची मला भीती वाटली.

“टाके तुटतीन,” बायको म्हणाली.

“तुटू दे. घोडी गेली नाई हे ठीक. पन नारळावर? माह्या घोडीचा भाव नारळ?” मी हळू आवाजात बोलत होतो, तरी ती जवळ आली. “अन् तू. मी जिवंत राह्यलो ते बरं. देवाले काई द्याचं होतं ते बी बरं. पन पहिल्याच बोलीत घोडी? जन्मभर माह्या दारात उभी राहून तू हेच शिकली?”

ती खाटेच्या पायथ्याशी बसली. हातात तोच नारळ होता.

“पहिल्या बोलीत नाई,” ती म्हणाली. “नारळच बोललती मी. आपल्या गावाच्या येशीवर. मंग लुगडं बोलली. मंग एक बकरं बोलली. सेलूलोक बकऱ्यावरच होती मी. तुमी मांगं वरडून राह्यलते, मले शिव्या देऊन राह्यलते, तवा मले वाटलं, बकऱ्यात होते.” तिनं नारळ दुसऱ्या हातात घेतला. “मंग सेलू गेलं अन् तुमचा आवाज बंद झाला. मी दोनदा हाक मारली. तवा घोडी बोलली.”

कोठ्यात घोडीनं पाय आपटला. तिची दाण्याची वेळ झाली होती. बायकोनं नारळ पदराला पुसला.

“मी मेलो नवतो,” मी म्हणालो.

“मले काय ठाव?”

“दम घेऊन राह्यलतो मी जरा. तुनं आनखीन थोडं थांबाचं होतं. बकऱ्यातच झालं असतं.”

ती उठली आणि हरभरा आणायला गेली. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.